गोदाक्कांकडे पाय

"पाय खाली घ्या आधी!"

बापूशेठ दारातूनच ओरडले. मी चंपाक्कांच्या खाटेचा हँडल फिरवून पायाकडची बाजू वर चढवत होते आणि तन्वीर सलाईन सोडत होता. चंपाक्कांचं बीपी पडलं होतं. मान वर करून बघायला आम्हा दोघांनाही सवड नव्हती.

"सिस्टर, मी काय म्हणतोय? पाय खाली!"

"बीपी पडलंय त्यांचं," मी म्हणाले. "पाय वरच ठेवावे लागतात. रक्त डोक्याकडे यायला हवं."

"आणि ते पाय कुणाच्या तोंडावर आलेत ते दिसतंय का तुम्हाला?"

तेव्हा कुठे मी वळून पाहिलं. समोरच्या भिंतीवर, आमच्या टेबलाच्या वर, संगमरवरी चौकटीत गोदाक्का बसल्या होत्या. गोदाक्का म्हणजे बापूशेठच्या मातोश्री. माणसाच्या उंचीचा फोटो, नऊवारी, मोत्यांची नथ, चंदनाचा हार. त्या दिवशी त्यांची पुण्यतिथी होती, म्हणून शेठ चार पाहुण्यांना घेऊन नवा हार घालायला आले होते. आणि चंपाक्कांचे भेगाळलेले दोन तळवे नेमके त्या फोटोकडे रोखलेले होते.

"शेठ, दोन मिनिटं थांबा," तन्वीर म्हणाला. "माणूस सावरू दे जरा. मग पाय कुठं ठेवायचे ते ठरवू."

पाहुण्यांच्या देखत हे ऐकून शेठचा पारा चढला. त्यांनी हार घातला, हात जोडले आणि आल्या पावली परत गेले. खाटेवरची म्हातारी जगली की गेली, एवढंसुद्धा त्यांनी विचारलं नाही. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ते न विचारणं मला अजून सलतं.

केंद्र इचलकरंजीतलं, एका ट्रस्टचं. बापूशेठचे यंत्रमाग. त्यांच्या देणगीतून डायलिसिसची दहा यंत्रं आली होती आणि गरिबाला डायलिसिस फुकट मिळत होतं. काम चांगलंच होतं, त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. पण दहा खाटांना माणसं दोन. एक मी, आणि दुसरा टेक्निशियन तन्वीर मुजावर.

किडनी बंद पडली की माणसाच्या अंगात पाणी साठतं. ते यंत्र ओढून घेतं. ओढणं अंगाला झेपलं नाही की बीपी धाडकन पडतं. एकाचं पडलं की आम्ही दोघं त्याच्या खाटेशी अडकायचो. पाणी ओढणं थांबवा, पाय वर करा, सलाईन सोडा, आणि माणूस धड बोलेपर्यंत तिथून हलू नका. तोवर बाकीची यंत्रं केकाटत राहणार, सगळ्यांचा वेळ लांबणार, आणि बाहेर पुढच्या पाळीचे पेशंट दार वाजवणार. म्हणून आमचं खरं काम पडलेलं बीपी उचलायचं नव्हतंच. पडायच्या आधी ओळखायचं होतं. यंत्र अर्ध्या तासाने बीपी मोजतं, आणि तेवढ्यात माणूस जाऊ शकतो. म्हणून आम्ही चेहरे बघायचो. कुणी जांभई देतं, कुणाच्या ओठावर घाम येतो, कुणी उगाचच चिडचिड करतं.

चंपाक्का गप्प व्हायच्या. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा यंत्राबरोबर सुरू व्हायचा आणि यंत्राबरोबरच थांबायचा. सून कशी वाईट, मटकीला मोड कसे येत नाहीत, रिक्षावाला कसा लबाड. समोरच्या फोटोलाही त्या सोडायच्या नाहीत.

"लई ऐट आलीया बाईला," फोटोकडे हनुवटी उडवून म्हणायच्या. "आणि ही नथ कुठली गं? हिच्याकडं नथ नव्हती."

म्हातारी गंमत करते असं समजून मी हसायचे. टेबलाशी बसून डोळ्यांनी सगळ्या खाटा आणि कानांनी चंपाक्का सांभाळायचे. बोलणं थांबलं की मी उठायचे. चंपाक्कांना शुद्ध हरपेपर्यंत आम्ही कधी जाऊ दिलं नव्हतं.

पुण्यतिथीनंतरच्या सोमवारी कामावर आले तर दहाही खाटा उलट्या. डोकी हॉलच्या मध्यभागी आणि पाय भिंतीला. पाण्याच्या नळ्या भिंतीपासून लांबवून फरशीवरून ओढत आणलेल्या. मी टेबलाशी बसून पाहिलं तर समोर दहा उशा आणि दहा डोक्यांचे शेंडे.

मी तशीच व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. "पाटणकर साहेब, हे काय केलंत?"

"शेठची इच्छा," पाटणकर म्हणाले. "मातोश्रींकडे पाय करून कुणी झोपायचं नाही."

"मग फोटो हलवा."

"वास्तूवाल्याला विचारून भिंतीत बसवलाय तो. फोडायचा?"

"मला टेबलावरून कुणाचं तोंड दिसत नाही."

"तोंडं कशाला बघायची? एवढी महागाची यंत्रं आहेत. बीपी पडलं की वाजतात की ती."

"पडल्यावर वाजतात. मला आधी कळायला हवं."

"मग फिरत राहा जरा. एरवी दोघं टेबलाशी बसूनच असता. मी कॅमेऱ्यात बघतो ना रोज."

बसून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शेताच्या राखणीला माळ्यावर बसलेला माणूसही बसलेलाच असतो, म्हणून त्याला खाली उतरवून कुणी कणसं मोजायला लावत नाही. आमचं बसणं म्हणजे बघणं होतं. पण कॅमेऱ्यात बसणं दिसतं, बघणं दिसत नाही.

"मग तिसरा माणूस द्या," मी म्हणाले.

"दोघांत भागतच होतं ना इतके दिवस?" असं म्हणून त्यांनी फोन उचलला.

तन्वीरला सांगितलं तर तो म्हणाला, "सिस्टर, भिंतीला आरसे लावू. सलूनसारखे. जमलं तर पेशंटांच्या दाढ्याबी करू."

हसलो, आणि पळायला लागलो. चेहरा बघायचा तर खाट आणि यंत्र यांच्या फटीत शिरायचं, वाकायचं, बघायचं, मागे सरकत बाहेर यायचं, नळ्या ओलांडायच्या आणि पुढच्या फटीत शिरायचं. दहावा बघून होईस्तोवर पहिल्याला घाम फुटलेला. बीपी पडलेलं उशिरा कळायचं, उशिरा कळलं की उचलायला वेळ लागायचा, तेवढं पाणी अंगातच राहायचं. पुढच्या खेपेला ते जास्तीचं पाणी ओढताना बीपी पुन्हा पडायचं. तन्वीरचा डबा रोज न उघडता घरी जायला लागला आणि त्याची आई मला फोन करून विचारायला लागली, माझ्या पोराला जेवायलाबी देत नाही का तुम्ही? कोल्हापूरहून येणाऱ्या डॉक्टर मॅडमनी ट्रस्टला दोनदा लिहिलं. विचार चालू आहे, असं उत्तर आलं.

आणि चंपाक्कांनी बोलणं टाकलं.

"काय हो चंपाक्का, आज गप्पसं?"

"भिंतीशी काय बोलू बाई? ती काय हूं म्हणती का?"

त्यांचं गप्प होणं हीच आमची घंटा, आणि आता त्या आल्यापासूनच गप्प. "चंपाक्का, माझ्यासाठी बोला," मी म्हणाले. "सुनेला शिव्या द्या हवं तर, पण आवाज येऊ द्या."

"ऐकायला सून नसंल तर शिव्या देऊन काय उपेग?" त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

व्हायचं ते एका शनिवारी झालं. दुसऱ्या खाटेवरच्या एका मास्तरांच्या पोटरीत गोळा आला होता. ते किंचाळत होते आणि तन्वीर त्यांचा पाय दाबत होता. मी मधल्या एका बाईंना ओकारीसाठी भांडं धरलं होतं. चंपाक्का कोपऱ्यातल्या शेवटच्या खाटेवर. मी तिथूनच हाक मारली.

"चंपाक्का!"

उत्तर नाही.

"चंपाक्का, सुनेला शिव्या द्या की!"

उत्तर नाही. त्यांचं यंत्रही गप्प. बीपी मोजायची त्याची वेळ अजून झाली नव्हती. मी भांडं त्या बाईंच्याच हातात दिलं आणि पळाले. मधल्या नळीत पाय अडकून गुडघ्यावर आपटले, उठले, फटीत शिरले. चंपाक्कांचा चेहरा भिजवलेल्या कणकेच्या रंगाचा झाला होता. डोळे अर्धे उघडे होते आणि बघत कुठेच नव्हते. पट्टा गुंडाळून बीपी घेतलं तर लागेना.

"तन्वीर!"

पाणी ओढणं बंद केलं, सलाईन पूर्ण सोडलं, ऑक्सिजन लावला. आता पाय वर. हँडल? हँडल खाटेच्या पायाकडे असतो, आणि पायाकडे भिंत. हात जायलासुद्धा जागा नव्हती. तन्वीरने खाट पुढे ओढायचा प्रयत्न केला, तर चंपाक्कांच्या हातातल्या सुयांची नळी ताणली गेली. अजून थोडी ओढली असती तर सुई निसटून रक्ताचं कारंजं उडालं असतं.

तन्वीरने चपला काढल्या, खाटेवर चढला, भिंतीला पाठ लावून बसला आणि चंपाक्कांचे दोन्ही पाय आपल्या खांद्यांवर घेतले. तसाच धरून बसला. मी त्यांच्या गालांवर चापट्या मारत राहिले. मागे मास्तर ओरडत होते, ओकारीवाल्या बाई मला हाका मारत होत्या, तीन यंत्रं एकदम वाजायला लागली होती, आणि मला जागचं हलता येत नव्हतं. एका माणसाला चारच हातपाय असतात. शिकवण्यासारखी गोष्ट आहे का ही?

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. बीपी हळूहळू लागायला लागलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण चंपाक्कांच्या ओठांत रंग आला आणि त्यांनी डोळे उघडून समोर पाहिलं.

"आणि ह्यो कोन माझं पाय खांद्यावर घिऊन बसलाय?"

"मी तन्वीर, आज्जी."

"खाली ठेव रं बाळा. मला पाप लागंल."

तन्वीरने पाय खाली ठेवले नाहीत. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

सोमवारी मला कारणे दाखवा नोटीस आली. रुग्णाचे बीपी कमी होत असताना आपण कोठे होतात, असा पहिलाच प्रश्न. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी खाली एकाच ओळीचं उत्तर लिहिलं: त्यांच्या डोक्यामागे, कारण तोंड भिंतीकडे होते. पाटणकरांनी ते वाचून तोंड वाकडं केलं.

पण तोवर गावात बोभाटा झाला होता. मास्तरांनी आणि ओकारीवाल्या बाईंच्या मुलाने ट्रस्टच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवला होता. त्यामुळे शनिवारी बापूशेठ स्वतः आले, मागे पाटणकर. शेठ चंपाक्कांच्या डोक्याशी उभे राहिले.

"कशा आहात मावशी?"

"बापू का?" चंपाक्का भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "हिकडं पायाकडं ये. तुझं तोंड दिसंना मला."

त्यांना असं अरेतुरे करणारं गावात कुणी उरलं नव्हतं. शेठ गोंधळले. पण सगळ्या खाटांचे कान तिकडे लागले होते. ते अंग चोरून फटीत शिरले आणि पोट आत घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले. आम्ही रोज शंभरदा करायचो ते त्यांनी एकदा केलं आणि त्यांना दम लागला.

"वळखलं न्हाईस," चंपाक्का म्हणाल्या. "लहान हुतास. शिरपतरावच्या शेडात तुझी आई आणि मी शेजारशेजारच्या कांडी मशीनवर हुतो. दिसभर हुबं राहून सुताच्या कांड्या भरायच्या. तू तिथंच झोळीत. तू रडलास की जी मोकळी असंल ती झोका द्यायची."

शेठ चंपाक्कांचा चेहरा निरखू लागले.

"मी पोटुशी हुतो तवा माझं पाय सुजून भोपळं व्हायचं. गोळं यायचं. मग दुपारच्याला गोदी फरशीवर बसायची, माझं दोनी पाय मांडीवर घ्यायची, आणि मशीनचं न्हवं, खायचं तेल लावून चोळायची. मी म्हनायचो, गोदे, तू मोठी, मला पाप लागंल. तर म्हनायची, पाप पायाला न्हाई, पोटाला लागतंय, गप बस." त्यांनी श्वास घेतला. "त्या गोदीला माझ्या पायाचा इटाळ झाला व्हय रं?"

शेठ समोरच्या फोटोकडे बघू लागले.

"आणि तिच्याकडं नथ नव्हती बापू. फोटोवाल्यानं चढवली. साधी बाई हुती गोदी."

मला वाटलं, झालं. आता या माणसाला समजलं. शेठचे डोळे खरंच भरून आले होते. ते वाकले आणि चंपाक्कांच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. पाटणकरांनी खिशातून मोबाईल काढून पटकन फोटो घेतला. तो दोन दिवसांनी गावच्या पेपरात आला, "मातोश्रींच्या मैत्रिणीला वंदन" अशा मथळ्याखाली.

शेठ फटीतून बाहेर आले, रुमालाने डोळे टिपले आणि म्हणाले, "पाटणकर, मावशींची खाट फिरवून घ्या. त्यांचे पाय आईकडंच असू देत."

"आणि बाकीच्यांचे?" मी विचारलं.

"बाकीच्यांचे काय?"

"बाकी नऊ जणांचं बीपी पडत नाही का, शेठ?"

"मावशींची गोष्ट वेगळी आहे सिस्टर," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "त्या आईच्या जिवाभावाच्या. बाकीच्यांनी आईकडं पाय कशाला करायचे?"

आणि ते गेले. म्हणजे या माणसाच्या आईशी ज्याची ओळख, त्याने जगायचं. बाकीच्यांनी भिंतीकडे बघत जायचं. इतका वेळ मी रागावलेली होते, पण त्या क्षणी राग निवून त्याचं दुसरंच काहीतरी झालं. चंपाक्काही उशीवर मान टाकून पुटपुटल्या, "गोदीच्या पोटी ह्यो कसा आला?"

शेठच्या मागे धावता धावता पाटणकर मला म्हणाले, "सिस्टर, फिटरला सांगा तेवढं. रविवारी खाट फिरवून घेऊ दे."

मी फिटरकडे गेले. "रविवारी खाटा फिरवायच्यात," मी म्हणाले. "आधी होत्या तशा. साहेबांनी सांगितलंय."

"समद्या?"

"खाटा म्हटल्यावर समद्याच की."

सोमवारी सकाळी पहिली पाळी लागली तेव्हा दहा चेहरे माझ्याकडे तोंड करून होते. तन्वीरने दाराशीच थांबून माझ्याकडे बघितलं आणि सुया लावायला घेतल्या. थोड्या वेळाने पाटणकर आले आणि जागच्या जागी उभे राहिले.

"मी खाट म्हणालो होतो, सिस्टर."

"मला खाटा ऐकू आलं."

"एक खाट! शेठ तुमच्यासमोर बोलले. कानात काय बोळे घातले होते?"

"मलाबी खाटाच ऐकू आलं," कोपऱ्यातून चंपाक्का म्हणाल्या.

"तुम्ही मध्ये पडू नका, आजी."

"मी पण खाटाच ऐकलं," मास्तर म्हणाले. "आयुष्यभर व्याकरण शिकवलंय. अनेकवचन होतं ते."

"आम्हीबी तेच ऐकलं," ओकारीवाल्या बाई म्हणाल्या. मग त्यांच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. त्या शनिवारी ज्यांची पाळीच नव्हती, त्या दोघांनीसुद्धा खाटाच ऐकलं होतं.

पाटणकरांचा चेहरा लालबुंद झाला. "याचा जाब द्यावा लागेल तुम्हाला," ते मला म्हणाले. जाब मी दिला. पुढच्या महिन्यात माझी बदली बाह्यरुग्ण विभागात केस पेपर फाडायला झाली. तिसरा माणूस काही मी असेपर्यंत आला नाही. पण खाटा पुन्हा फिरवायची हिंमत कुणाला झाली नाही, कारण पेपरात छापून आलेल्या मावशी दर खेपेला तिथे पाय पसरून झोपत होत्या, आणि बाकी नऊ का उलटे असं गावाने विचारलं असतं.

त्या सोमवारी मात्र पाटणकर दारातच उभे होते. मी त्यांच्या देखत खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले. माझ्या डोक्यावर गोदाक्का, समोर दहा चेहरे. चंपाक्कांचा पट्टा सुरू झाला होता. गोदे, आले बघ माझे पाय, म्हणून त्यांनी फोटोला सांगितलं आणि मग सुनेवर घसरल्या.

"बसलात का लगेच?" पाटणकर म्हणाले.

दुसऱ्या खाटेवर मास्तरांनी जांभई दिली होती. मी उठले.